जेवणाच्या सुट्टीतला फेरविचार

आर्डेल कोबर्नला वाद घालायला कारण लागत नसे, फक्त समोर माणूस लागे. बत्तीस वर्षं तिनं आमच्या ईस्ट टॉल्बी गावाची शाळेची बस चालवली. त्या बत्तीस वर्षांत पोरं एकदाही शाळेत उशिरा पोचली नाहीत, कारण घंटा व्हायच्या आत आर्डेलला शिक्षकांच्या खोलीत शिरून काल अर्धवट राहिलेला विषय संपवायचा असे. हिवाळ्यात बर्फाच्या रस्त्यावर मीठ टाकावं की वाळू, कुत्र्याला परवाना लागतो तर मांजराला का नको, पुलाचा कठडा हिरवा रंगवावा की काळा, तिला काहीही चाले. हवामानावरसुद्धा तिची दोन मतं असत आणि दोन्ही ठाम असत.

पण ती भांडकुदळ नव्हती, हे आधीच सांगून टाकायला हवं. कुणी आवाज चढवला, कुणी तिच्या आईबापावर घसरलं, की तिला चक्क जांभई यायची. तिला हवी असायची ती वेगळीच गंमत. आपण काहीतरी म्हणावं, समोरच्यानं त्यावर असं काही म्हणावं की आपल्याला दोन पावलं मागं सरकावं लागेल, मग आपण दुसऱ्या बाजूनं यावं. या खेळात तिचे कान लाल व्हायचे आणि डोळे पोरीसारखे लकाकायचे. म्हणून माणसं निवडण्यात ती चोखंदळ होती. कोण हलतो, कोण हलत नाही, याचा सगळा हिशेब तिच्या डोक्यात पक्का. न हलणाऱ्यांना ती सोडून देई. पण सगळ्यात वाईट माणसं तिच्या मते ती, जी "बरोबर आहे तुझं" म्हणतात आणि जाऊन आपलं तेच करतात.

आणि नशीब बघा, या शेवटच्या जातीतल्याच एकाशी तिनं लग्न केलं होतं.

ल्यूथर कोबर्न करवतींना धार लावून देई आणि वसंतात मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक काढी. उंच, सडपातळ, डोक्यावर कायम तीच टोपी. एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोच्या प्रत्येक मताला एकच उत्तर दिलं होतं: "असेल." सकाळी आर्डेल पावाच्या ताटलीबरोबर एखादा विषय टेबलावर ठेवायची. ल्यूथर पावाला लोणी लावायचा आणि म्हणायचा, "असेल." लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती एकदा कोठारात जाऊन यावर रडली होती. मग तिनं ते दुःख गुंडाळून ठेवलं आणि आपली सगळी हौस गावसभेवर काढायला लागली.

गावसभा मार्चच्या पहिल्या मंगळवारी. शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या हॉलमध्ये, लोखंडी घडीच्या खुर्च्या मांडतात, आणि गावाचं सगळं त्या एका दिवसात ठरतं, तेही तोंडानं बोलून आणि हात वर करून. आर्डेल जानेवारीपासून तयारीला लागे. गावाचा वार्षिक अहवाल पेन्सिल घेऊन वाचे, अंथरुणात पडल्या पडल्या भाषणं म्हणून पाही, आणि त्या दिवशी तिसऱ्या रांगेत नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसे. वर्षातल्या तीनशे चौसष्ट दिवसांत ती एक निवृत्त ड्रायव्हर होती. त्या एका दिवशी ती कुणीतरी होती.

यंदाच्या पत्रिकेवर नववा विषय आला तो असा: पुढल्या वर्षीपासून गावाचे सगळे प्रश्न मतपत्रिकेनं ठरवावेत. जिम सकाळी उघडेल, संध्याकाळी सातला बंद होईल. ज्याला जमेल तेव्हा त्यानं यावं, कागदावर खूण करावी, पेटीत टाकावा, घरी जावं. थोडक्यात, सभाच नाही.

विषय आणला होता मर्ल गॅग्ननं, म्हणजे गावाच्या तीन पंचांमधल्या थोरल्यानं. मर्ल मनानं वाईट नाही, पण त्याला जेवायची घाई फार. तो उभा राहून म्हणाला, "अध्यक्षमहाराज, गेल्या वर्षी सभा सात तास चालली. त्यातले दोन तास दहा मिनिटं एकट्या आर्डेलची होती. मी घड्याळ लावून बसलो होतो." सगळा जिम हसला. आर्डेलही हसली, कारण तिचा अंदाज दीड तासाचा होता.

मग ती बोलली. बारा मिनिटं बोलली आणि जीव ओतून बोलली. पण खरं सांगायचं तर तिला सवयच तशी लागली होती: मुद्दा एक, त्याला उपमुद्दे चार, आणि प्रत्येक उपमुद्द्यावर कोण काय म्हणेल आणि ते का चूक, हेही तीच सांगणार. सातव्या मिनिटाला मागच्या रांगेत कुणीतरी थर्मास उघडला.

मत उभं राहून घ्यायचं ठरलं. 'हो'वाले रंगमंचाकडे, 'नाही'वाले दाराकडे. आर्डेल दाराशी उभी राहून डोकी मोजत होती. चाळीस, एकेचाळीस, आणि बास्केटबॉलच्या जाळीखाली, टोपी हातात घेऊन, बसची वाट बघत असल्यासारखा ल्यूथर उभा. रंगमंचाकडे. तिनं मान हलवून पुन्हा पाहिलं. ल्यूथरच होता.

"हो एकसष्ट, नाही सत्तावन्न," अध्यक्ष हायरम टटलनं जाहीर केलं. हायरमचं जनावरांच्या खाद्याचं दुकान आहे आणि सभा तो वीस वर्षं चालवतोय. "विषय मंजूर. आता मला बीन्सचा वास येतोय, त्यामुळं दीड वाजेपर्यंत सुट्टी."

लोक स्वयंपाकघराकडे पांगले. आर्डेल मात्र खुर्चीवर बसून राहिली. गेली म्हणजे गेलीच सभा. पुढल्या मार्चमध्ये आपण काय करायचं, पेटीशी बोलायचं? तिनं सवयीनं नियमांचं पुस्तक उघडलं, आणि एका पानावर तिचं बोट थांबलं. झालेल्या ठरावाचा फेरविचार मागता येतो. पुढचा विषय हाती घेईपर्यंतच मागता येतो. आणि मागणारा माणूस जिंकलेल्या बाजूनं मत दिलेला असावा लागतो.

हायरमनं दहावा विषय उघडायच्या आधीच बीन्सला मान दिला होता. घड्याळात पाऊण वाजला होता. एकसष्ट माणसांतलं एक फिरवायचं, फक्त एक, आणि हातात पंचेचाळीस मिनिटं. आर्डेल उठली तेव्हा तिच्या पायांत सोळाव्या वर्षाचं बळ होतं.

सवयीनं ती आधी मर्लकडे गेली. तो हॅमचा तिसरा तुकडा ताटलीत घेत होता.

"मर्ल, मला एक सांग. पेटीला प्रश्न विचारता येतो का?"

"नाही येत. म्हणून तर आणली."

"आणि कुणाला काही सुचवायचं असेल तर?"

"अगं, आठवडाभर आधी माहितीसभा ठेवणारच आहोत की. तिथं बोल ना तू. पाहिजे तितकं बोल. आम्ही घरी बसून तुझ्यासाठी प्रार्थना करू."

"माहितीसभेत काही ठरतच नाही. तिथं बोलणं म्हणजे भिजलेल्या लाकडाला काडी लावणं."

"मग नको बोलूस," मर्ल म्हणाला आणि लोणच्याकडे वळला.

मर्ल हलणाऱ्यांतला नाही हे तिला तीस वर्षं माहीत होतं, तरी तिची नऊ मिनिटं तिथं गेली. मग तिनं बॉस्टनहून येऊन इथं घर बांधलेल्या दातांच्या डॉक्टरला गाठलं. त्यानं सगळं लक्ष देऊन ऐकलं, दोनदा मान डोलावली आणि म्हणाला, "फारच विचार करण्यासारखं आहे हे." आर्डेलची आशा पालवली.

"मग मांडाल फेरविचार?"

"छे छे. मी मत दिलंय ना." आणि त्यानं बायकोला पावांची परडी पुढं करायला सांगितलं.

एक वाजून गेला. तिनं उरलेल्या तोंडांवरून नजर फिरवली. हा नाही, ती नाही, हा तर कधीच नाही. आणि टेबलाच्या अगदी टोकाला ल्यूथर दोन ताटल्या घेऊन बसलेला दिसला. दुसऱ्या ताटलीत भांड्याच्या कडेचे, पाकानं करपून चिकट झालेले बीन्स होते. ते आर्डेलला आवडतात. दरवर्षी ते मिळवायला रांगेत पुढं घुसावं लागतं, आणि ल्यूथरला घुसायची फार लाज वाटते.

ती त्याच्यासमोर बसली. चमच्याला हात लावला नाही.

"का?"

"बीन्स गार होतील."

"ल्यूथर. का?"

त्यानं खाणं थांबवलं. "तू विचारतेयस?"

"मग काय करतेय?"

"नाही, म्हणजे एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलंस."

"काहीतरीच. रोज सकाळी तुझ्याशी बोलते मी."

"बोलतेस की. पण विषय आणतेस तेव्हा माझी बाजूही तूच मांडतेस. चांगली मांडतेस, माझ्यापेक्षा चांगली. मग ती खोडूनही टाकतेस. सगळं उरकलेलं असतं. मी मध्ये कुठून शिरू? लोणी लावतो झालं."

आर्डेलचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही बाहेर आलं नाही. शेजारच्या बाकावरच्या दोघांनी माना वळवून पाहिलं, कारण असं कधी झालं नव्हतं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "आता मध्ये कुणी नाही. शीर."

आणि ल्यूथर शिरला. आधी अडखळत, मग सावरून. टेकडीवरच्या डेनीसच्या दारातला बर्फ तो पहाटे काढतो. ती जिल्ह्याच्या इस्पितळात नर्स आहे आणि तिची पाळी नेमकी मंगळवारी. अकरा वर्षं या गावात कर भरते, एकदाही सभेला आलेली नाही. प्यर्ली आणि त्याचा भाऊ, त्यांना गाई सोडून दोघांनी एकदम येता येत नाही, म्हणजे एका भावाला मत आणि एकाला नाही. मिसेस हूपर, त्यांचं कंबरेचं ऑपरेशन झालंय, लोखंडी खुर्चीवर सात तास कसं बसायचं त्यांनी?

"गावात मतदार सातशे," ल्यूथर म्हणाला. "जिममध्ये एकशे अठरा. उरलेल्यांनी काय, खिडकीतून बघायचं?"

"रजा घ्यावी. वर्षातून एक दिवस."

"नर्सनं? उद्या तू तिथं पडलीस, तर तुला चालेल का तिनं वाळू-मिठावर बोलायला रजा घेतलेली?"

"सभा संध्याकाळी ठेवता येईल."

"तिची पाळी संध्याकाळी असली तर? आणि दूध काढायची वेळ?"

"शनिवारी ठेवू."

"शनिवारी इस्पितळ बंद असतं का?"

आर्डेलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. अंगात काहीतरी उसळ्या मारत होतं. हा माणूस इतकी वर्षं हे सगळं टोपीखाली झाकून बसला होता? तिला हसू फुटायला लागलं आणि ते दाबण्यासाठी तिनं घाईघाईनं बीन्स तोंडात कोंबले.

"बरं, माझं ऐक," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "गिरणीच्या रस्त्याखालचा, पाणी जायचा पाइप आठवतो? चार वर्षांपूर्वी?"

"आठवतो."

"पंचांनी लिहून आणलं होतं, पंधरा इंची बसवायचा. सगळे हो म्हणायच्या बेतात. मीसुद्धा. तेवढ्यात प्यर्ली उठला आणि म्हणाला, तिथं वसंतात पाणी दोन्हीकडून येतं, माझं कुंपण दोनदा गेलंय. तो त्याआधी सभेत कधी बोलला नव्हता, त्यानंतरही नाही. पण पाच मिनिटांत सगळ्यांचं मत फिरलं आणि अठरा इंची बसला. कागदावर काय असतं? पंधरा इंची, हो की नाही. कागदानं प्यर्लीला विचारलं असतं?"

ल्यूथरचा चमचा हवेत थांबला. "तो रस्ता राहिलाय खरा. पलीकडच्या गावाचा वाहून गेला."

"मग?"

"हे सकाळी का नाही बोललीस?"

"बोलले ना. दहाव्या मिनिटाला."

"मी आठव्यापर्यंत ऐकलं," ल्यूथर म्हणाला. आणि दोघं इतक्या जोरात हसायला लागले की दातांच्या डॉक्टरनं आपली ताटली उचलून पलीकडे नेली.

ल्यूथरनं डोळे पुसले. मग टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "हे मला पटलं." साधं तीन शब्दांचं वाक्य. पण आर्डेलला एकेचाळीस वर्षांत ते या माणसाकडून मिळालं नव्हतं, आणि ते ऐकून तिला उठून त्या जिममध्ये गिरकी घ्यावीशी वाटली.

दीड वाजला. हायरमनं हातोडा आपटला. "आता घेऊ विषय दहावा, स्मशानभूमीच्या कुंपणाबाबत—"

"अध्यक्षमहाराज," ल्यूथर उभा राहिला. "मला नवव्या विषयाचा फेरविचार हवा आहे."

सगळीकडे खुर्च्या करकरल्या. ल्यूथर कोबर्नचा आवाज सभेत पहिल्यांदाच ऐकू येत होता. काहींना तर तो इतका घोगरा आहे हेही माहीत नव्हतं. मर्ल ताडकन उठला, "ही आर्डेलची चाल आहे."

"खाली बस, मर्ल," हायरम म्हणाला. "ल्यूथर, सकाळी तू कुठं होतास?"

"जाळीखाली. हो म्हणालो होतो."

"मग तुझा हक्क आहे. अनुमोदन?" कुणीतरी दिलं. "बोल."

ल्यूथरनं घसा साफ केला. "जास्त नाही बोलत. सकाळी मी हो म्हणालो, विचार करूनच म्हणालो. मग जेवताना बायको माझ्याशी बोलली आणि माझं मत फिरलं. मी एकटा कागद घेऊन पडद्यामागे उभा असतो तर ते फिरलं नसतं. मला वाटतं माणसाचं मत फिरायला जागा पाहिजे. एवढंच." आणि तो खाली बसला.

टाळ्या पडल्या. खऱ्या, दाराकडच्या आणि रंगमंचाकडच्याही. हायरमनं चष्म्यावरून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मर्लनं सुस्कारा सोडून घड्याळ काढलं. आर्डेल कोबर्न उभी राहिली होती.

उभी राहीपर्यंत तिला माहीत नव्हतं ती काय बोलणार आहे. जिंकणं हाताशी आलं होतं, दोन वाक्यं बोलली असती तरी सभा वाचली असती. पण डेनीस डोक्यातून जात नव्हती. अकरा वर्षं. आणि प्यर्लीचा तो भाऊ, ज्याचं नावसुद्धा तिला पटकन आठवेना.

"अध्यक्षमहाराज," ती म्हणाली, "मी फेरविचाराच्या विरोधात आहे."

हायरमनं चष्माच काढला. "पुन्हा सांग."

"माझ्या नवऱ्यानं मला जेवताना सांगितलं की आपण एकशे अठरा जण मिळून पावणेसहाशे लोकांचं ठरवतो. मी त्याला उत्तर शोधत होते. सापडलं नाही. रजेचं सांगून पाहिलं, शनिवारचं सांगून पाहिलं. मला ही सभा किती आवडते हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही भोगलंय. पण मला आवडते म्हणून डेनीसनं मत द्यायचं नाही, हे बरोबर नाही. ल्यूथर सकाळी बरोबर होता. आता चुकतोय." आणि ती बसली. एक मिनिटही झालं नव्हतं. मर्ल घड्याळाकडे पाहायचंच विसरला.

पुन्हा सगळे उठले; सभा हवी ते दाराकडे, मतपत्रिका हवी ते रंगमंचाकडे. ल्यूथर दाराकडे गेला आणि आर्डेल जाळीखाली. मध्ये दोघं समोरासमोर आले तेव्हा एकमेकांना वाट देताना त्यांची टक्कर झाली. जेवून काही जण घरी गेले होते, तरी मोजणी दोनदा करावी लागली.

"फेरविचाराला अनुकूल पंचावन्न, प्रतिकूल छप्पन्न. नामंजूर," हायरम म्हणाला. मग पुस्तक सोडून म्हणाला, "आर्डेल, तुला कळलं ना काय झालं?"

"मोजता येतं मला," आर्डेल म्हणाली. पुढं कुंपणावर तिनं अकरा मिनिटं घेतली, कुत्र्यांच्या परवान्यावर अठरा, आणि कुणीही हूं की चूं केलं नाही.

परतताना पिकअप ल्यूथर चालवत होता. बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झाला होता आणि चाकं जुन्या चाकोऱ्यांतून घसरत होती. आर्डेलच्या मांडीवर जेवणाला नेलेलं रिकामं भांडं होतं. सभा गेली होती, तिच्या स्वतःच्या हातानं गेली होती, आणि ते आता कुठं तिला नीट कळायला लागलं होतं. तिनं नाक पुसलं.

"वेडी आहेस तू," ल्यूथर अचानक म्हणाला. त्याचे गाल लाल झाले होते. "एका मतानं. तुझ्याच एका मतानं."

"तू पटवलंस मला."

"आणि तू मला पटवलंस त्याचं काय? पाइपाचं काय?"

"पाइप बरोबरच आहे. पण डेनीस जास्त बरोबर आहे."

"मुळीच नाही. मी विचार केलाय त्याचा, कुंपणाच्या वेळी. डेनीसला मत मिळेल, पण डेनीसला काही ठाऊक असेल तर ते सांगणार कुठं? नुसता कागद मिळाला, म्हणजे काय मिळालं?"

आर्डेल वळून त्याच्याकडे बघायला लागली. डोळ्यांत पाणी होतं आणि त्याच तोंडावर हसू पसरत होतं, दोन्ही तिला आवरेना. "रस्त्याकडे बघ," ती म्हणाली.

गाडी अंगणात शिरली. सकाळपासून मेपलचा रस टाकीत गळत होता आणि टाकी काठोकाठ भरली होती. चूल लगेच पेटवायला हवी होती. ल्यूथरनं टाकीकडे पाहिलंही नाही.

"पाच टक्के सह्या," तो म्हणाला. "म्हणजे पस्तीस. तीस दिवसांत दिल्या तर खास सभा घ्यावी लागते त्यांना. तुझ्या पुस्तकात वाचलं मी. मी गोळा करणार आहे."

"मग मीही दारोदार जाणार. तुझ्याविरुद्ध."

"जा."

"जाईनच. डेनीसपासून सुरुवात करेन."

"तिच्या दारातला बर्फ मी काढतो. आधी मी पोचेन."

"रस वाया चाललाय, ल्यूथर," आर्डेल म्हणाली आणि दार उघडून तिनं एक पाय चिखलात टाकला.

"कुठं निघालीस? माझं अजून संपलेलं नाही."

आर्डेलनं पाय आत घेतला आणि दार परत लावून घेतलं.